पर्जन्य-नोंदी प्रकल्प: रिकाम्या मूल्यांच्या चाचण्या

१७ एप्रिल

लातूर जिल्ह्यातील महसूल मंडळनिहाय पावसाचे आकडे पावसाळ्यात दररोज सकाळी साडेआठच्या मोजणीनंतर सीएसव्ही फाइलच्या (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेल्या साध्या मजकूर-फाइलच्या) रूपात आमच्याकडे येतात. ज्या मंडळांत चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस झाला, त्यांची यादी काढून ती शेतकरी गटांना संदेशाने पाठवणे, एवढेच या प्रकल्पाचे काम आहे. कोड पायथनमध्ये आहे, चाचण्या पायटेस्ट या पायथनच्या चाचणी-साधनावर चालतात आणि मृग लागण्यापूर्वी सर्व पक्के व्हावे असे ठरले आहे.

आपल्याकडे पावसाळ्यातही बहुतेक दिवशी अतिवृष्टीची यादी रिकामीच निघते. अन्य प्रकल्पांत रिकामी यादी ही कडेची, क्वचित उद्भवणारी स्थिती मानली जाते. येथे ते रोजचे उत्तर आहे, आणि म्हणून ते उत्तर तपासणाऱ्या चाचण्या सर्वांत काटेकोर असायला हव्यात. आज आमच्या गटातील ताईंनी त्या चाचण्यांची परीक्षा एका सोप्या रीतीने घेतली. यादी काढणाऱ्या फंक्शनच्या पहिल्याच ओळीत त्यांनी ‘रिटर्न नन’ (‘नन’ म्हणजे ‘काहीच मूल्य नाही’) घातले, म्हणजे फंक्शन काहीही न करता परत येईल अशी व्यवस्था केली, आणि सर्व चाचण्या पुन्हा चालवल्या. पाऊस झालेल्या दिवसांच्या चाचण्या अपेक्षेप्रमाणे लाल झाल्या, म्हणजे पडल्या; कोरड्या दिवसांच्या मात्र जवळजवळ सगळ्या हिरव्याच राहिल्या, म्हणजे पास झाल्या. त्या चाचण्या नेमके काय तपासत होत्या, हे पाहणे हेच पुढील काही आठवड्यांचे काम आहे.

२१ एप्रिल

कोरड्या दिवसाच्या बहुतेक चाचण्यांची शेवटची ओळ ‘असर्ट नॉट यादी’ अशी आहे; ‘असर्ट’ म्हणजे पुढचा दावा खरा नसेल तर चाचणी पाडणारी आज्ञा. पायथनमध्ये ‘नन’, रिकामी स्ट्रिंग, रिकामी लिस्ट, रिकामी डिक्शनरी, शून्य आणि ‘फॉल्स’ ही सर्व मूल्ये असत्यवत, म्हणजे ‘इफ’मध्ये ‘नाही’ अशी, धरली जातात, त्यामुळे ही एक ओळ त्या सर्वांना सारख्याच उदारपणे पास करते. कनिष्ठ सहकाऱ्याने पेप ८ या पायथनच्या शैलीसंहितेचा दाखला दिला, आणि तो चुकीचा नाही: स्ट्रिंग वा लिस्ट रिकामी आहे का हे तिच्या असत्यवत असण्यावरूनच तपासावे, असे तेथे स्पष्ट म्हटले आहे. परंतु तो सल्ला चालू कोडमधील ‘इफ’साठी आहे, जेथे पुढची वाट ठरवणे एवढेच प्रयोजन असते. चाचणीचे प्रयोजन उलट आहे. फंक्शनने कबूल केलेले मूल्य आणि त्याच्याशी केवळ साम्य असलेले मूल्य यांतील फरक तिने दाखवलाच पाहिजे.

म्हणून आजपासून कोरड्या दिवसाची ओळ ‘असर्ट यादी == []’, म्हणजे उत्तर नेमकी रिकामी लिस्टच हवी, अशी लिहायची. लांबी शून्य आहे का हे तपासण्याचा पर्यायही चर्चेत आला. ‘नन’ला लांबी नसल्यामुळे तेथे चाचणी निदान टाइपएररने (चुकीच्या प्रकारच्या मूल्याच्या त्रुटीने) पडते, हा त्याचा गुण, पण रिकामी स्ट्रिंग आणि रिकामी डिक्शनरी त्यातून निसटतात. थेट तुलनेत रिकामा टपलही (न बदलता येणारी यादी) लिस्टशी समान ठरत नाही. संचाच्या बाबतीत एक खबरदारी घ्यावी लागते: नुसते महिरपी कंस लिहिले तर रिकामी डिक्शनरी तयार होते, रिकामा सेट नव्हे. मंडळांच्या संचाची तुलना करताना उजवीकडे ‘सेट()’ असेच लिहावे.

चाचणी पडल्यावर काय वाचायला मिळते, याचाही विचार केला. युनिटटेस्ट या पायथनच्या अंगभूत चाचणी-साधनाच्या जुन्या पद्धतीच्या काही चाचण्यांत ‘असर्टट्रू’च्या आत लांबीची तुलना कोंबलेली होती, ती पडली की ‘फॉल्स इज नॉट ट्रू’ एवढाच निरोप मिळतो आणि पुढचा शोध आपला आपण घ्यावा लागतो. पायटेस्टमध्ये थेट तुलना पडली की डाव्या बाजूस दोन घटक जास्त आहेत आणि त्यांतील पहिला ‘किल्लारी’ आहे, असे तो नावानिशी सांगतो. पहाटे पावसाच्या वेळी कुणीतरी हे वाचणार आहे, तेव्हा हा फरक लहान नाही.

२४ एप्रिल

आज पावसाच्या रकान्याकडे वळलो. जुन्या फाइलींत एकाच रकान्यात ‘०’, ‘0.0’, ‘निरंक’, दोन आडव्या रेघा आणि कोरी जागा असे सर्व प्रकार सापडतात. अर्थ ठरवण्यापूर्वी आकडे भरणाऱ्यांनाच विचारलेले बरे, म्हणून ओळखीतल्या एका तलाठी भाऊसाहेबांना फोन केला. त्यांचे उत्तर आमच्या कुठल्याही तांत्रिक टिपणापेक्षा नेमके होते: “निरंक म्हणजे बघितलं अन् पाणी नाही. कोरं म्हणजे बघितलंच नाही. रेघ मारली तर यंत्र बंद.” त्यानुसार ‘निरंक’ आणि शून्य यांचे वाचन ०.० ठरले, कोरी जागा आणि रेघ यांचे ‘नन’.

येथे ‘असर्ट नॉट वाचन’ ही ओळ सर्वांत घातक ठरली असती, कारण ०.० आणि ‘नन’ दोन्ही तिच्यातून पास होतात, आणि नेमका तोच भेद आम्हाला राखायचा आहे. आता शून्यासाठी ‘वाचन == ०.०’ आणि नोंद नसल्यास ‘वाचन इज नन’ असे दोन वेगळे दावे आहेत. ‘नन’ शून्याच्या बरोबरीचे नसल्यामुळे एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

सीएसव्ही वाचणाऱ्या डिक्टरीडरनेही थोडा वेळ घेतला. ओळीत स्वल्पविराम आहे पण मूल्य नाही, तर तो रिकामी स्ट्रिंग देतो. ओळ मध्येच संपली आणि रकाना आलाच नाही, तर तो ‘नन’ देतो. पूर्ण कोरी ओळ तो गाळून टाकतो. आणि नुसत्या स्वल्पविरामांची ओळ मात्र रिकाम्या स्ट्रिंगांनी भरलेली नोंद म्हणून पुढे पाठवतो. या चारही स्थितींची एकेक लहान फाइल नमुन्यांत ठेवली आहे. देवनागरी अंकांची भीती मात्र निराधार निघाली: मजकुराचा दशांश आकडा करणारे पायथनचे ‘फ्लोट’ ‘६५.५’ ही स्ट्रिंग निमूटपणे स्वीकारते. रिकाम्या स्ट्रिंगवर ते व्हॅल्यूएरर (अमान्य मूल्याची त्रुटी) देते, हेही आपल्या सोयीचेच आहे.

पांडाज हे तक्ते हाताळणारे पायथनचे साधन वापरावे असा एक विचार होता, तो तूर्त सोडला. त्याचे सीएसव्ही वाचन कोऱ्या जागेचे स्वभावतःच ‘नॅन’ (‘संख्या नाही’ असे विशेष मूल्य) करते. ‘नॅन’ सत्यवत आहे, स्वतःशीही समान नाही, आणि ६५ शी तुलना केली तर आवाज न करता ‘फॉल्स’ देते. म्हणजे ज्या मंडळाची नोंदच आली नाही ते गुपचूप ‘अतिवृष्टी नाही’ या बाजूला जाऊन बसते. ‘नन’ची ६५ शी तुलना केली तर टाइपएरर येतो. आम्हाला ओरडणारे मूल्य हवे आहे.

३० एप्रिल

‘शेरा’ या रकान्याने गेले काही दिवस खाल्ले. नियम साधा आहे: शेरा रिकामा असेल तर संदेशात ‘शेरा’ हा शब्दच येऊ नये. चाचणीही साधीच आहे, कोरा शेरा आणि मोकळ्या जागांचा शेरा, दोन्हींसाठी उत्तर रिकामी स्ट्रिंग. तरीही जुन्या फाइलींवर चालवून पाहिले तेव्हा औराद शहाजानी मंडळाच्या संदेशात ‘शेरा:’ असे येऊन पुढे काहीच नव्हते.

स्प्रेडशीटमध्ये ती पेटी कोरी दिसते. लांबी मोजली तर एक येते. पायटेस्टच्या निरोपात ती स्ट्रिंग अवतरणचिन्हांत, उलट्या तिरप्या रेघेसह युनिकोड क्रमांक २००डी अशी छापून आली, म्हणजे तो शून्य रुंदीचा जोडक, अक्षरांच्या जोडणीसाठीचे अदृश्य चिन्ह, होता. जे अक्षर छापता येत नाही ते पायथनच्या दर्शनी रूपात क्रमांकाने येते, ही सोय नसती तर आम्ही अजून त्या पेटीकडे पाहत बसलो असतो. बहुधा कुणीतरी मोबाइलवर ‘शेतकऱ्यांची तक्रार’ असे काही टंकून पुसले असावे आणि जोडक तेवढा मागे राहिला असावा.

‘स्ट्रिप’ यावर उपाय नाही. ते युनिकोडच्या व्याख्येतील मोकळ्या जागा काढते, अखंड मोकळी जागाही काढते. पण शून्य रुंदीची जागा, जोडक, अजोडक आणि फाइलीच्या आरंभी येणारे बीओएम ही चिन्हे युनिकोडच्या ‘रूपण’ (फॉरमॅट) वर्गातील असल्यामुळे त्यांना हात लावत नाही. मग ती सरसकट गाळून टाकावीत, अशी पहिली सूचना आली आणि तिला मी विरोध केला. मराठीत अर्धा र, म्हणजे ‘वाऱ्या’तला किंवा ‘शेतकऱ्या’तला, दोन प्रकारे साठवलेला आढळतो: एकात ‘ऱ’ हे स्वतंत्र अक्षर आणि हलन्त, तर दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि हाच जोडक. दुसऱ्या प्रकारातून जोडक काढला की अर्ध्या र च्या जागी पुढच्या अक्षरावर रफार चढतो आणि ‘शेतकर्‍यांचे’ ‘शेतकर्यांचे’ होते. शेरा रिकामा आहे का हे ठरवण्यासाठी भरलेले शेरे बिघडवणे हा व्यवहार आतबट्ट्याचा आहे.

शेवटी ठरले ते असे: रिकामेपणा ठरवताना मोकळ्या जागा आणि रूपण वर्गातील चिन्हे वगळून काही उरते का ते पाहायचे, काहीच उरले नाही तर रिकामी स्ट्रिंग परत करायची, काही उरले तर फक्त कडेच्या मोकळ्या जागा काढून मूळ मजकूर तसाच ठेवायचा. त्यानुसार चाचण्यांच्या दोन जोड्या झाल्या. एकीत फक्त जोडक, फक्त शून्य रुंदीची जागा आणि फक्त अखंड जागा यांचे उत्तर ‘’ असेच हवे. दुसरीत जोडक असलेला ‘शेतकर्‍यांची मागणी’ हा शेरा अक्षरशः जसाच्या तसा परत हवा. दुसरी जोडी नसती तर पहिली पास करण्याचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक शेरा पुसून टाकणे हाच होता.

जाता जाता: बीओएममुळे पहिल्या रकान्याचे नाव ‘मंडळ’ न राहता एका अदृश्य चिन्हासह ‘मंडळ’ होते आणि ‘गेट’ने मागितल्यावर ‘नन’ मिळते. फाइल ‘यूटीएफ-८-सिग’ने उघडल्यावर तो प्रश्न संपला.

६ मे

दुपारभर वीज नव्हती, त्यामुळे आज यंत्रापेक्षा कागदावरच अधिक काम झाले, आणि चाचण्या छापून वाचण्याचा अनपेक्षित लाभ झाला. पडद्यावर नजरेतून सुटलेले एक संपूर्ण कुटुंब कागदावर ओळखू आले: तपासण्यासारखे काहीच नसताना पास होणाऱ्या चाचण्यांचे.

पहिला प्रकार वळशाचा, म्हणजे लूपचा. ‘यादीतील प्रत्येक मंडळाचा पाऊस ६५ किंवा अधिक आहे’ असे तपासणारी चाचणी ‘फॉर’च्या आत असर्ट लिहून केलेली आहे. यादी रिकामी आली तर वळसा एकदाही फिरत नाही, एकही असर्ट चालत नाही आणि चाचणी हिरवी होते. रिकाम्या पोत्यांचा काटा करून माल तोलला म्हणण्यासारखे हे आहे. ‘ऑल’ वापरून ओळ आटोपशीर केली तरी फरक पडत नाही, कारण रिकाम्या लिस्टवर ‘ऑल’ नेहमी ‘ट्रू’ देते. तर्कशास्त्राच्या दृष्टीने ते बरोबरच आहे. दावा मोडणारा एकही घटक तेथे नाही. म्हणून वळशाच्या आधी यादीत नेमकी कोणती मंडळे अपेक्षित आहेत हे लिहायचे, आणि ते लिहिल्यावर बहुतेक ठिकाणी वळशाची गरजच उरत नाही असे दिसले.

दुसरा प्रकार ‘झिप’चा. अपेक्षित आणि प्रत्यक्ष अशा दोन याद्या जोडीने फिरवताना ‘झिप’ लहान यादी संपली की थांबते. प्रत्यक्ष यादी रिकामी असेल तर जोडी एकही तयार होत नाही. पायथन ३.१० पासून ‘स्ट्रिक्ट’ हा पर्याय आहे आणि लांबी जुळली नाही तर तो व्हॅल्यूएरर देतो. पण दोन याद्यांची थेट तुलना त्याहूनही सोपी आहे.

तिसरा प्रकार स्ट्रिंगांचा, आणि तो अधिक फसवा. ‘असर्ट अपेक्षित इन संदेश’ ही ओळ वाचताना निर्दोष वाटते. परंतु रिकामी स्ट्रिंग कोणत्याही स्ट्रिंगमध्ये असतेच, आणि कोणतीही स्ट्रिंग रिकाम्या स्ट्रिंगने सुरू होतेच. त्यामुळे ‘अपेक्षित’ हे मूल्य फाइलीतून वाचताना कोरे आले की चाचणी कोणताही संदेश मान्य करते. आमच्याकडे तालुक्याचे नाव असेच एका नमुना फाइलीतून येत होते. आता ‘निलंगा’ हे नाव चाचणीतच लिहिले आहे. अपेक्षित मूल्य शक्यतो हाताने लिहिलेले असावे, हे माझे मत यामुळे अधिकच पक्के झाले.

चौथा प्रकार पायटेस्टच्या आतला आहे. नमुना फाइलींची यादी फोल्डरमधून गोळा करून, एकच चाचणी अनेक नमुन्यांवर चालवणाऱ्या ‘पॅरामेट्राइझ’ला दिलेली आहे. फोल्डरचा पत्ता बदलला की ती यादी रिकामी येते आणि पायटेस्ट अशी चाचणी पाडत नाही, वगळतो. शेवटच्या ओळीत ‘स्किप्ड’ असे येते आणि तिकडे कुणी पाहत नाही. ‘एम्प्टी पॅरामीटर सेट मार्क’ ही सेटिंग ‘फेल ॲट कलेक्ट’ अशी केली आहे. आता फोल्डर हलला तर संपूर्ण फेरी सुरू होण्याआधीच थांबेल.

९ मे

लहान नोंद. सेटिंगमध्ये तालुक्यांची नावे स्वल्पविरामांनी लिहिलेली असतात. ती स्ट्रिंग रिकामी असेल तर स्वल्पविरामावर ‘स्प्लिट’ केल्याने रिकामी लिस्ट मिळत नाही. एक रिकामी स्ट्रिंग असलेली लिस्ट मिळते. विभाजक न देता ‘स्प्लिट’ केले तरच खरी रिकामी लिस्ट मिळते, पण तसे केल्यास ‘शिरूर अनंतपाळ’ दुभंगतो. कोऱ्या नावांची चाळणी लावली आणि ‘== []’ ही ओळ जोडली.

१४ मे

आजची बैठक या कामातील सर्वांत महत्त्वाची होती. कोरड्या दिवसाची चाचणी आता काटेकोर आहे, परंतु ती ज्या फंक्शनला तपासते त्याची रचनाच अपुरी आहे, असे ताईंनी मांडले. एकाही मंडळात ६५ मिलिमीटर पाऊस झाला नाही तर रिकामी लिस्ट येते, आणि सकाळी फाइल शीर्षकापुरतीच आली, एकही नोंद नाही, तरीही रिकामी लिस्टच येते. दोन्ही वेळा संदेश जातो तो ‘आज कोणत्याही मंडळात अतिवृष्टीची नोंद नाही’ असा. पहिल्या दिवशी ते सत्य आहे. दुसऱ्या दिवशी मुरुडमध्ये ओढ्याचे पाणी शेतात शिरलेले असू शकते आणि आम्ही तेथील शेतकऱ्याला काहीच झाले नाही असे कळवतो. पंचनाम्याच्या मागणीसाठी जो आकडा तो शोधतो आहे, त्याबाबत त्याची दिशाभूल करतो.

असर्ट कितीही नेमका लिहिला तरी एका मूल्यात दोन अर्थ असतील तर तो त्यांना वेगळे करू शकत नाही. त्यामुळे फंक्शनचे उत्तर बदलले. आता ते तीन याद्या देते: अतिवृष्टीची मंडळे, ज्यांची नोंद मिळाली ती मंडळे आणि ज्यांची मिळाली नाही ती. कोरड्या दिवसाच्या चाचणीत पहिली यादी रिकामी आणि दुसरी भरलेली हवी. शीर्षकापुरत्या फाइलीच्या चाचणीत पहिल्या दोन्ही रिकाम्या आणि तिसऱ्या यादीत जिल्ह्यातील सर्व मंडळे हवीत. संदेशही वेगळे झाले. दुसऱ्या स्थितीत ‘आज आकडे प्राप्त झालेले नाहीत’ असे जाईल.

कनिष्ठ सहकाऱ्याचे म्हणणे असे पडले की एवढ्याशा फंक्शनला इतक्या चाचण्या म्हणजे चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला. अन्य ठिकाणी मी त्याच्या बाजूने उभा राहिलो असतो. येथे चाचण्यांची संख्या वाढलेली नाही, प्रत्येकीत एका ओळीची भर पडली आहे: काय रिकामे आहे याबरोबर काय रिकामे नाही, हेही सांगणारी ओळ. बैठकीत ते मान्य झाले, थोड्या कुरकुरीनंतर.

दिवसातील सर्वाधिक पाऊस काढणाऱ्या ‘मॅक्स’ला रिकामी यादी मिळाली की व्हॅल्यूएरर येतो. त्याला डिफॉल्ट म्हणून शून्य देण्याची सूचना फेटाळली. डिफॉल्ट ‘नन’ दिले आहे आणि चाचणी ‘इज नन’ अशीच आहे.

२० मे

मासिक बेरजेसाठी एसक्यूलाइट हा डेटाबेस वापरतो. एकही ओळ न जुळल्यास ‘काउंट’ शून्य देते, पण ‘सम’ ‘नल’ (डेटाबेसमधले ‘मूल्य नाही’) देते आणि पायथनकडे ते ‘नन’ म्हणून येते. एसक्यूलाइटमध्ये ‘टोटल’ हे वेगळे फंक्शन आहे, ते अशा वेळी ०.० देते, आणि जुन्या कोडमध्ये तेच वापरलेले होते. ते बदलले, कारण ज्या मंडळाची महिनाभर नोंद नाही त्याचा मासिक पाऊस शून्य छापणे म्हणजे २४ एप्रिलला केलेले सर्व काम बेरजेत बुडवणे होय.

याहून सूक्ष्म प्रश्न अर्धवट महिन्याचा आहे. ‘सम’ मधल्या ‘नल’ ओळी सोडून उरलेल्यांची बेरीज देते, त्यामुळे दहा दिवस कोरे असलेल्या महिन्याची बेरीज पूर्ण महिन्यासारखीच दिसते. आता बेरजेबरोबर नोंद असलेल्या दिवसांची संख्याही घेतो. पावसाच्या रकान्यावरचे ‘काउंट’ ‘नल’ सोडून मोजते आणि ताऱ्यावरचे ‘काउंट(*)’ सर्व ओळी मोजते. चाचणीत दोन्ही आकडे वेगळे यावेत अशा रीतीने नमुना मांडला आहे.

२७ मे

संदेश पाठवणारा भाग जनरेटर (मागितल्यावर एकेक मूल्य देणारी वस्तू) देतो, हे शेवटच्या तपासणीत लक्षात आले. जनरेटर आत काही असो वा नसो सत्यवतच असतो, म्हणून ‘असर्ट संदेश’ ही ओळ तेथे कधीही पडू शकत नव्हती. शिवाय तो एकदा वाचून संपला की दुसऱ्या वेळी त्याची लिस्ट रिकामीच येते. एका चाचणीत आधी संदेश मोजून मग ‘दुबार संदेश नाहीत’ हे तपासण्यासाठी तोच जनरेटर पुन्हा वाचलेला होता आणि ती तपासणी अर्थातच नेहमी पास होत होती. आता चाचणीच्या आरंभीच त्याची लिस्ट करून घेतो आणि पुढे ती लिस्टच वापरतो. कोडमधील या बदलांची शाखा आज मुख्य शाखेत विलीन केली.

एक विषय या कामाबाहेर ठेवला आहे. स्वयंचलित केंद्राच्या नरसाळ्यात पाने किंवा माती अडकली की पाणी आतल्या पलटणाऱ्या पेल्यापर्यंत पोहोचत नाही आणि केंद्र मुकाट्याने ०.० पाठवत राहते. आमच्या दृष्टीने ती रीतसर आलेली नोंद आहे. ती ‘नन’ नाही, कोरी नाही, सर्व चाचण्या तिला योग्यच ठरवतील. शेजारच्या सर्व मंडळांत चांगला पाऊस असताना एखादे मंडळ शून्य दाखवत असेल तर ते तालुका समन्वयकाच्या यादीत वेगळे दाखवावे, अशी मागणी स्वतंत्रपणे नोंदवली आहे. किती शेजारी आणि किती पाऊस, हे पहिल्या पंधरवड्याचे आकडे हातात आल्यावर ठरवायचे आहे.